आत्याच्या फोडांबद्दल, नीट वाच

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

काल तू म्हणालीस आत्याचं तोंड येऊन दोन महिने झाले, गुलकंद झाला, तूप झालं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, दाताच्या डॉक्टरकडं पण दोनदा जाऊन आली आणि आता पाठीवर न छातीवर फोड यायलेत. तवापासून मला चैन नाही. आत्ता नाईट करून आले, झोप येईना म्हणून लिहायला बसले. फोनवर तू रडायलीस म्हणून मला नीट सांगता आलं नाही.

मी इथं इंग्लंडात स्किनच्या वॉर्डात आहे आणि आधी आंबाजोगाईला होते, दोन्हीकडं असले फोडांचे पेशंट बघितलेत पण लई फरक आहे. इथं येतात ते बहुतेक ७५-८० च्या पुढचे आजी-आजोबा, आधी कितीतरी आठवडे नुसती खाज, मग टरटरून भरलेले फोड जे लवकर फुटत नाहीत, आणि तोंड बहुतेकांचं चांगलं असतं. ते बुलस पेम्फिगॉइड. आपल्याकडं यायची ती चाळिशी-पन्नाशीतली माणसं, काम सोडून आलेली, आणि निम्म्याहून जास्त जणी हेच सांगायच्या, सिस्टर आधी तोंडच आलं होतं. फोड ढिला, लुगडं घासलं तरी फुटायचा आणि खाली लालभडक ओली जागा. चादर चिकटायची म्हणून आम्ही केळीच्या पानावर झोपवायचो. हा पेम्फिगस, भारतात हाच जास्त दिसतो. आत्याचं वय ५२, तोंडापासून सुरुवात, म्हणून मला हीच शंका आहे.

तू वाकळ शिवतेस ना, तसं समज. शरीराची स्वतःचीच ताकद चुकून कातडीच्या टाक्यांवर उठते. पेम्फिगसमध्ये वरच्या थरातले टाके उसवतात म्हणून फोड पातळ, पेम्फिगॉइडमध्ये वरचा अख्खा थर खालच्या कापडापासून सुटतो म्हणून फोड जाड. म्हणजे आई, हे कुणाला हात लावल्यानं होत नाही, कुणाला लागत नाही. नागीण पण नाही, नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं येते. भावकीतल्या बायकांनी तिचं ताट-तांब्या वेगळा ठेवायला सांगितलं म्हणालीस, तो आजच परत मांडणीत ठेव, ती काय बोलत नसली तरी तिला किती लागलं असंल.

आता काम. उतारा-बितारा नको, तालुक्याला इंजेक्शन पण नको. तिला सरळ मेडिकल कॉलेजच्या स्किनच्या ओपीडीला न्या आणि बायोप्सीचं विचारा. दोन तुकडे घेतात, एक फोडाचा आणि एक फोडाशेजारच्या चांगल्या कातडीचा. दुसऱ्याची इम्युनोफ्लुओरेसन्स तपासणी होते, त्यात पेम्फिगस असला तर जाळीसारखं चमकतं आणि पेम्फिगॉइड असला तर एक रेघ. ही तपासणी १९६० च्या दशकापासून आहे, तुकडा बाहेर पाठवावा लागला तरी पाठवा म्हणा.

औषध आहे, हे आत्याला माझ्या नावानं सांग. स्टेरॉइड येण्याआधी बहुतेक पेशंट काही वर्षांत दगावायचे, आता तसं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचांनी १९८० च्या दशकात पल्स नावाची उपचाराची पद्धत सुरू केली, महिन्यातून तीन दिवस सलाईनमधून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे दुसरं औषध, आंबाजोगाईला मी कितीजणींना लावलीय. आता रिटुक्सिमॅब नावाचं औषध पण आहे, अमेरिकेत पेम्फिगससाठी त्याला २०१८ ला मंजुरी मिळाली, महाग आहे, पैशाचं मी बघते. फक्त बरं वाटलं म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, वॉर्डात परत आलेल्या कितीतरी जणी याच्यामुळंच आल्या होत्या. ताप आला किंवा फोडातून पू आला तर त्याच दिवशी दवाखाना, यात जीव जातो तो बहुतेक इन्फेक्शननं.

ठेचा-चटणी बंद, भाकरी दुधात कुस्करून दे, गार वरणभात, ताक.

अण्णांच्या शुगरच्या गोळीच्या पाकिटावर व्हिल्डाग्लिप्टिन असं काही लिहिलंय का बघ, त्यानं काहीजणांना पेम्फिगॉइड होतो. बंद नका करू, अंगाला खाज सुटली तर डॉक्टरला तेवढं सांगा.

टॉर्च लावून आत्याच्या तोंडाच्या आतला फोटो पाठव, गालाच्या आतून पण. बायोप्सीची तारीख मिळाली की मिस्ड कॉल दे, नाईटला असले तरी मी फोन करते.

तुझी,
ताई