अँटेनाआधी उंची बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या एफएम रेडिओ केंद्राला परवाना मिळाल्याचं वाचून मनापासून आनंद झाला. आता तुझ्या प्रश्नाकडे येतो: ५० वॅटच्या ट्रान्समीटरवर महागडा चार-बेचा अँटेना (एकावर एक बसवलेल्या चार घटकांचा) लावावा की साधा डायपोल, म्हणजे दोन सरळ भुजांचा अँटेना? माझं मत विचारशील तर डायपोलच लाव, आणि वाचलेले पैसे उंचीत आणि केबलमध्ये घाल.

एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेतच जातात. जमीन सपाट धरली, तर ९ मीटरवरच्या अँटेनाचं रेडिओ क्षितिज, म्हणजे लहरी थेट पोचतात ती हद्द, साधारण १२ किलोमीटरवर येतं. तोच अँटेना ३६ मीटरवर चढवलास की ते २५ किलोमीटरच्या आसपास जातं. याउलट वॅट दुप्पट केलेस तर हाती लागतात फक्त ३ डीबी (डेसिबल, सिग्नलमधली वाढ-घट मोजायचं माप), आणि मध्ये टेकडी आडवी असेल तर त्यांचाही फारसा उपयोग नाही.

केबलच्या बाबतीत मात्र हात आखडू नकोस, ही माझी कळकळीची विनंती. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत आरजी-५८ ही पातळ केबल तीस मीटर ओढलीस तर ५० वॅटपैकी जेमतेम एक तृतीयांश वर पोचतात, उरलेले वॅट केबल तापवण्यात जातात. अर्ध्या इंचाची फोम केबल घेतलीस तर चाळीसच्या वर पोचतील. एवढा फरक पाडणारा अँटेना विकत घ्यायला किती पैसे पडतील, बघ!

पोलरायझेशन, म्हणजे लहरींची दिशा, उभं ठेव; त्यासाठी डायपोल उभा लाव. गाडीवरची काडी उभी असते, खिशातल्या रेडिओला अँटेनाचं काम करणारी इअरफोनची वायरही खालीच लोंबते. उभ्या आणि आडव्या दोन्ही लहरी सोडणारा सर्क्युलर अँटेना चांगला असतो, मी नाही म्हणत नाही, पण तो शक्ती उभ्या-आडव्यात निम्मी-निम्मी वाटतो. मोठ्या केंद्राला ते परवडतं. तुझ्याकडे वाटायला मुळातच थोडं आहे.

उभ्या डायपोलला लोखंडी खांबाचं वावडं असतं. शक्यतो खांबाच्या टोकावर, खांब संपल्यावरच तो बसव. बाजूला लावावा लागलाच तर वस्तीकडच्या बाजूला, आडव्या दांड्यावर चांगला लांब धर. केबलसुद्धा मध्यातून काटकोनात बाहेर काढ. १०० मेगाहर्ट्झला दोन्ही भुजा मिळून लांबी सुमारे १.४३ मीटर येते, जाड नळी असेल तर किंचित कमी. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा आकडा, जमिनीवर मोजून समाधान मानू नकोस, वर चढवल्यावर पुन्हा मोज. १.५ आला तर फक्त ४ टक्के शक्ती परत फिरते, तेवढ्यासाठी झोप उडवून घेऊ नकोस. ३ आला तर मात्र २५ टक्के, ट्रान्समीटर लगेच बंद कर.

कनेक्टरवर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळ, खालून वर, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर चढेल आणि पाणी ओघळून जाईल. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दे. एकदा आत पाणी झिरपलं की ती केबल गेलीच समज. आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक आणि अर्थिंग पहिल्या दिवसापासून हवं, यात तडजोड नाही.

आणखी एक. परवान्यातली मर्यादा ईआरपीची, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या प्रभावी शक्तीची, आहे का, ते नीट वाच. तसं असेल तर केबलचं नुकसान वजा आणि अँटेनाचा गेन (एका दिशेला शक्ती एकवटून मिळणारी वाढ) जमा करूनच हिशोब धरावा लागतो.

शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या साध्या रेडिओवरही तुमचा आवाज स्वच्छ यावा, असं मला फार वाटतं. तुमची फ्रिक्वेन्सी, खांबाची जाडी आणि खोलीपासून टोकापर्यंतची केबलची लांबी कळव, म्हणजे भुजांचं नेमकं माप काढून पाठवतो.

तुझाच,
जुना मित्र