आधी वायर, मग बाथरूम, फरशीचं शेवटी

चि. मने,

तू पाठवलेले सगळे फोटो बघितले, चष्मा लावून झूम करकरून बघितले. घर चांगलं आहे, हवा येते, स्टेशन जवळ, सगळं मान्य. पण तुम्ही दोघांनी मिळून पहिला खर्च काढलाय हॉलची फरशी बदलायचा आणि तिथंच माझं तुमच्याशी जमत नाही. ती मोझॅक फरशी काळवंडलीय एवढंच, कुठं खचली नाही की उचकटली नाही. माझं लक्ष सगळं गेलं ते गीझरच्या प्लगकडं. आयुष्यभर लूमच्या मोटारींचं वायंडिंग भरलंय, जळक्या वायरचा वास मला फोटोतूनपण येतो.

त्या प्लगचं एक भोक तपकिरी झालंय, नीट बघ. गीझर २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर ओढणार, आणि आधीच्या मालकांनी तो लावलाय कशावर तर कन्व्हर्टर प्लग घालून ६ अँपिअरच्या छोट्या पॉइंटवर! रोज सकाळी अर्धा तास तिथं तापतंय. आजपासून तो गीझर बंद, गॅसवर पाणी तापवा चार दिवस. जावईबापूंनी मेन बंद करून किटकॅट, म्हणजे जुन्या पद्धतीचा फ्यूज, काढून दाखवला ते बरं केलं, त्यात फ्यूजवायरच्या जागी केबलची अख्खी तार गुंडाळलीय, म्हणजे लोड वाढला की फ्यूज उडायच्या आधी भिंतीतली वायर जळणार.

तर वायरिंग पूर्ण नवीन करून घे, अर्धंमुर्धं नको. लाईट-फॅनला दीड स्क्वेअर एमएम, १६ अँपिअरच्या प्लगला अडीच, एसी आणि गीझरला चारची वायर, दोघांची लाईन थेट डीबीपासून, म्हणजे सगळ्या लाईनी निघतात त्या मुख्य बोर्डापासून, वेगळी. वायर आयएसआय मार्कची, कॉइल तुझ्यासमोर फोडायची. जॉइंट मारायचा तो बोर्डात नाहीतर जंक्शन बॉक्सात, पाईपच्या आत अजिबात नाही, कारण तिथला जॉइंट ढिला झाला तर शोधणार कोण. एसी लावणार असाल तर बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तेवढं बघून ठेव, कमी असेल तर महावितरणकडं वाढवायचा अर्ज करावा लागेल.

आता आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळला की लाईन तोडणारं स्विच. वायरमन म्हणेल ताई एमसीबी आहे की, कशाला उगाच खर्च. ऐकायचं नाही. एमसीबी लोड वाढला की पडतो, तो वायर वाचवतो, माणूस नाही. १६ चा एमसीबी म्हणजे १६००० मिलिअँपिअर झाले तरी तो ढिम्म हलत नाही आणि माणसाला ३० मिलिअँपिअरच्या पुढं जिवाचा धोका सुरू होतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का ते बघते, फरक पडला की पाडते. ३० मिलिअँपिअरचीच घे, १०० ची गळ्यात मारतील. बसवल्यावर सारखी ट्रिप झाली तर बहुतेक दोन लाईनींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात नाहीतर कुठंतरी लीकेज असतं, ते शोधायला वेळ लागतो म्हणून मग ही मंडळी सरळ बायपास करून देतात आणि वर सांगतात पीसच खराब होता. तसं करू देऊ नको. टेस्टचं बटण महिन्यातनं एकदा तू स्वतः दाबायचं. अर्थिंग प्रत्येक प्लगला खरंच पोचलंय का तेही वायरमनकडून सिरीज लँप, म्हणजे दोन वायरी जोडलेला बल्ब, लावून बघून घे, जुन्या बिल्डिंगीत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. आरसीसीबी बसली असेल तर फेज-अर्थमध्ये बल्ब लावल्याबरोबर ती पडेल, पडली म्हणजे अर्थिंग आहे.

भिंतीला झिऱ्या मारताना सरळ उभ्या-आडव्या, तिरक्या नाहीत, आणि बीम-कॉलमला हात लावायचा नाही. पाईप टाकून झाले की प्लास्टरच्या आधी भिंतीला टेप धरून फोटो काढ. उद्या पडद्याचा रॉड लावताना ड्रिल कुठं मारायचं ते त्यातच कळेल.

मग बाथरूम. खालच्यांच्या छताला ओल आहे म्हणतेस, तर नुसत्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून काही होणार नाही, फरशी काढून वॉटरप्रूफिंग करायला लागेल. त्यानंतर नानी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं भोक, बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्यांकडं जाऊन छत बघून यायचं, त्याशिवाय मिस्त्रीला नवीन फरशीची पेटी उघडू देऊ नको. तो घाई करणारच, त्याची दुसरी साईट वाट बघत असते! टाईल मॅट फिनिशची घे. व्हिट्रिफाईड असेल तर ती पाणी पीतच नाही जवळजवळ, अर्धा टक्कासुद्धा नाही, त्यामुळं सिमेंटचा घोळ तिला धरत नाही, ॲडहेसिव्हच पाहिजे, आणि तेही दातेरी पट्टीनं सगळीकडं ओढून. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाईल बसवतात ना, तिथं मध्ये पोकळ राहतं आणि बादली आपटली की तडा. दुसऱ्या दिवशी नाण्यानं वाजवून बघ, बद्द आवाज आला ती काढायला लाव. उतार बघायला मगभर पाणी ओत, कोपऱ्यात डबकं राहिलं तर पैसे अडव.

हॉलला पॉलिश मारून घे, मशीननं घासली की आतले दगडी दाणे परत उठून दिसतात, चारचौघांत विचारतील कुठली फरशी म्हणून. फक्त त्याचा चिखल बाथरूममध्ये ओतू देऊ नको, पाईपात जाऊन घट्ट बसतो, गोणीत भरून खाली न्यायला सांग. हॉलच्या जुन्या फरशीवरच नवीन टाईल बसवायचं, टाईल-ऑन-टाईल, डोक्यातनं काढा, वजन वाढतं, उंची वाढते, सगळे दरवाजे खालून कापावे लागतात, आणि सोसायटीची परवानगी वेगळीच. पॉलिश रंगकाम झाल्यावर, सगळ्यात शेवटी.

बोर्डाची झाकणं लावायच्या आधी मला व्हिडिओ कॉल कर, वायरमन समोर असतानाच.

तुझे बाबा

ता. क. आई म्हणते ओट्यावर मिक्सर आणि ओव्हनचे पॉइंट वेगळे काढ, सिंकपासून लांब, आणि फ्रीजचा पॉइंट फ्रीजच्या मागं नको, बाजूला, प्लग काढायला हात पोचला पाहिजे.