साभार पोच

सांगली, रविवार

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज वाचला. ऑफिसातल्या पंधरा-वीस जणांना सांगून माझ्या मुलांसाठीच्या कादंबरीला ऑनलाइन पाच-पाच स्टार द्यायला लावतो म्हणालास. मनापासून म्हणालास, पण नको. त्यांतल्या एकानेही पुस्तक उघडलेलं नसणार. बाबा म्हणाले, ‘घे की, खप वाढेल.’ त्यांना मी काही बोलले नाही. तुला सविस्तर सांगते, आणि कागदावर सांगते, कारण फोनवर तू निम्म्यातच ‘हो हो, कळलं’ म्हणतोस.

मुलांच्या पुस्तकाबद्दल आपल्याकडे कोण लिहितं? मोठ्यांच्या ऐतिहासिक कादंबरीला पुरवणीत अर्धं पान मिळतं. मुलांचं पुस्तक ‘साभार पोच’मध्ये जातं: नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, संपलं. नाहीतर बालदिनाच्या सुमारास चार पुस्तकं एकाच लेखात कोंबायची आणि प्रत्येकाला दोन ओळी, ‘रंजक तसेच उद्बोधक’. हे दोन शब्द दिसले की समजावं, गृहस्थांनी मलपृष्ठ वाचलंय. म्हणून कुणी शेवटच्या पानापर्यंत जाऊन लिहिलं की मी ते कात्रण देवघराच्या फडताळात ठेवते. हसू नकोस.

पहिलं मोठं परीक्षण एका निवृत्त प्राध्यापकांचं, इतिहासाच्या. त्यांनी मला झोडपलंय. प्रतिसरकारवर, म्हणजे नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध सातारा भागात चालवलेल्या सरकारवर, मुलांसाठी लिहिताना पत्री लपवली, असा त्यांचा आक्षेप. गावगुंडांना, पोलिसांच्या खबऱ्यांना तळपायावर मार बसायचा, त्यावरूनच लोक पत्रीसरकार म्हणू लागले, आणि नेमकं तेच या पुस्तकात दिसत नाही. आता तू वाचलं असशील तर (वाचलंयस ना?) तुला आठवेल, माझा बारा वर्षांचा निरोप्या भाकऱ्या पोचवायला गेलेला असतो आणि भिंतीपलीकडून त्याला ओरडणं ऐकू येतं. ओरडणारा त्याच्या मित्राचा चुलता. त्या रात्री तो जेवत नाही. मी लपवलं असं त्यांना वाटतं. मी म्हणते, मी ऐकवलं. सहावीतल्या मुलाला मार दाखवला तर तो मारच बघत बसतो, ऐकवला तर विचार करतो. प्राध्यापकांचं मला अजूनही पटलेलं नाही. तरी त्यांना आभाराचं पत्र टाकलं, आणि त्या पत्रात थोडं भांडलेही. माणसाने भाकऱ्यांच्या त्या प्रसंगापर्यंत वाचलं, त्यावर रागावला, मग बसून लिहिलं. मुलांच्या पुस्तकावर रागावणारी माणसं कितीशी असतात? शिवाय कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, भूमिगतांना त्याचा आडोसा मिळायचा, हे मी गोष्टीत विणलंय ते फक्त त्यांनाच दिसलं. बाकी कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दुसरं परीक्षण पलूसकडच्या एका बाईंचं, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या. शिक्षकांच्या मासिकात आलं. मासिक फारसं कुणाला माहीत नाही, पण मला विचारशील तर हेच सगळ्यांत भारी. त्यांनी सहावीच्या वर्गाला रोज मधल्या सुट्टीनंतर एक प्रकरण वाचून दाखवलं आणि कुठे काय झालं ते सरळ लिहून काढलं. नाना पाटलांच्या भाषणाला मुलं चुळबुळली, दोघं पाणी प्यायला गेली. ते भाषण पुढच्या आवृत्तीत निम्म्यावर येणार. नाना मैदानात तासन् तास बोलत आणि माणसं जागची हलत नसत, पण तो आवाज कागदावर कुठून आणू?

शेणोलीच्या प्रकरणाला मात्र वर्ग चिडीचूप. ७ जून १९४३, इंग्रज सरकारची पगाराची रेल्वेगाडी, रुळांवर रचलेले दगड. गाडी थांबते तिथेच बाईंनी मुद्दाम त्या दिवसाचं वाचन थांबवलं. दुसऱ्या दिवशी एका मुलाने विचारलं, ‘बाई, गाडी लुटली म्हणजे चोरीच ना?’ मग पुढचा तास गणिताचा होता तो गेलाच. निम्मा वर्ग म्हणे चोरी, निम्मा म्हणे नाही. प्रतिसरकारचे कॅप्टन भाऊ लाड त्या हल्ल्यात होते. नव्वदी उलटल्यावरही ते ठणकावून सांगायचे, की इंग्रजांनी लोकांकडून चोरलेला पैसा आम्ही परत आणला. बाईंनी हे त्यांचं म्हणणं मुलांना तास संपताना सांगितलं, आधी नाही. केवढी जाण आहे बघ! हे वाचून मी चहा गॅसवर विसरले.

मुलींनी हौसाताईंचं प्रकरण पुन्हा वाचायला लावलं म्हणे. नाना पाटलांची मुलगी, सतरा वर्षांची. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर ‘नवरा’ तिला बदडतोय, ती जमिनीवर लोळून रडतेय, पोलीस सोडवायला बाहेर येतात आणि इकडे बाकीचे चौकीत शिरून बंदुका पळवतात. सोंग ठरलेलं, मार मात्र खरा. एक मुलगी म्हणाली, नंतर तिला लागलं असेल त्याला औषध कुणी लावलं ते लिहिलं नाही. बाईंनी ते जसंच्या तसं छापलंय. तारखा तपासणारे मला भेटले, पण जखमेची चौकशी करणारी ही एकटीच.

तिसरं परीक्षण म्हणजे चक्क पोस्टकार्ड. अक्षर मोठं, ओळी वर चढत गेलेल्या. ‘तुमच्या पुस्तकातले सगळे सातारा जिल्हा म्हणतात. आमचं गाव सांगली जिल्ह्यात आहे. असं का?’ स्तुती नाही, नमस्कारही नाही, थेट प्रश्न. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं, की तेव्हा संस्थानी गावं सोडली तर हा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता, १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. सोबत पेनने काढलेला एक वेडावाकडा नकाशाही पाठवला. तो काढताना लक्षात आलं, नकाशा पुस्तकातच हवा. प्रकाशक तयार आहेत, पण चित्रकाराचं मानधन द्यायला का कू करताहेत.

तर तुझ्या त्या स्टारांचं असं आहे. दोघं पाणी प्यायला कुठल्या पानावर उठली, हे पाच स्टार मला सांगणार आहेत का? आणि मी आभार तरी कुणाचे मानू, तुझ्या मॅनेजरचे?

मदत करायचीच असेल तर नकाशा तू काढून दे. कॉम्प्युटरवर तुला तासाभराचं काम. येडेमच्छिंद्र, कुंडल, शेणोली, भवानीनगर, तासगाव आणि वर वडूज, एवढी गावं हवीत. कृष्णा आणि येरळा जाड रेषेने. पुणे-मिरज लाइन दाखव, पण ती तेव्हा मीटरगेज होती, आजची दुहेरी काढू नकोस. औंध संस्थानाची गावं विखुरलेली होती, त्यांना वेगळा रंग दे, नाहीतर प्राध्यापक पुन्हा लिहितील. (लिहिलं तर बरंच आहे.)

कुरियरने भडंग पाठवलंय, दोन पाकिटं तिखट आणि एक छकुलीसाठी कमी तिखटाचं. त्याच डब्यात तिच्यासाठी पुस्तकाची एक प्रत आहे. तिला ‘आजीचं आहे, छान म्हण’ असं अजिबात शिकवू नकोस. जिथे कंटाळा येईल तिथे तिला पेन्सिलीने फुली मारू दे आणि ती प्रत गणपतीला येताना परत घेऊन या.

तुझी,
आई