एजंट नक्की कुणाच्या बाजूचा?

मा. संपादक,

घर घेताना-विकताना एजंट कसा निवडावा यावर तुमच्या पानावर अधूनमधून लेख येतात. त्यात दरवेळी तेच, अनुभवी बघा, गोडबोल्या नको, ओळखीतला असला तर बरं. चूक काहीच नाही त्यात, पण त्या माणसाला पैसे कोण देणार, कधी देणार आणि कशावर देणार हे कुणी लिहीतच नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

साधा हिशोब बघा. समजा एजंट २ टक्के घेतो. घर शंभर रुपयांना गेलं तर त्याला दोन रुपये. आता मालकाने दोन महिने दम धरला आणि तेच घर एकशे पाचला गेलं, तर मालकाला जवळपास पाच रुपये जास्त आणि एजंटला फक्त दहा पैसे! मग दहा पैशांसाठी तो दोन महिने चाव्या घेऊन जिने कशाला चढेल, तो म्हणणारच की मार्केट थंड आहे, आलेलं गिऱ्हाईक सोडू नका. लबाड असतो म्हणून नाही हो, त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

ही नुसती माझी शंका नाही. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी शिकागो भागातल्या जवळपास एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष छापले. एजंटांनी स्वतःच्या मालकीची घरं विकली तेव्हा ती इतरांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला गेली आणि साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली. म्हणजे स्वतःचं घर असलं की थांबायला वेळ असतो! आणि मालकाला बाजाराची माहिती जितकी कमी तितका हा फरक मोठा. त्यामुळे विकणाऱ्याने आधी आसपासचे झालेले व्यवहार बघावेत, जाहिरातीतले आकडे नाही, कारण जाहिरातीत कुणीही काहीही मागतो.

याच्या अगदी उलटा प्रकार पण चालतो. तीन एजंट बोलावले की एकजण छातीठोक सगळ्यात मोठा आकडा सांगतो, मालक खुश, लगेच सहा महिन्यांचा एक्सक्लुझिव्ह करार, म्हणजे तेवढे दिवस दुसऱ्या एजंटकडे जायचं नाही. मग महिन्याभरात सुरू, किंमत थोडी खाली आणू या, रिस्पॉन्स नाहीये. तो आकडा घराचा नव्हताच, सही मिळवायचा होता. आकडा सांगणाऱ्याला तिथल्या तिथे विचारा की कुठल्या तीन व्यवहारांवरून सांगताय, बोलती बंद होते की नाही बघा.

घेणाऱ्याचं तर अजूनच अवघड, किंमत वाढली की त्याच्या एजंटचं कमिशनपण वाढतं. त्यात एकच माणूस दोन्हीकडून कमिशन घेत असेल तर विचारूच नका. माझ्या मावसबहिणीच्या व्यवहारात एजंटने तिला गॅलरीत नेऊन हळूच सांगितलं, ताई अजून दोन पार्ट्या मागे आहेत, आजच हो म्हणा, आणि त्याच संध्याकाळी मालकाला फोन की ही एकच पार्टी आहे, थोडं खाली या. सही झाल्यावर चहा पिताना मालकानेच हे तिला सांगितलं तेव्हा दोघांनाही हसावं की रडावं कळेना. म्हणून आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो हा आकडा एजंटला कधीच सांगू नये, आणि समोरच्याकडूनही पैसे घेणार आहात का हे पहिल्याच भेटीत विचारून लिहून घ्यावं. जमलं तर टक्क्यांऐवजी ठरावीक फी बोलून बघावी, काहीजण तयार होतात.

आणि करार नीट वाचा. मुदत संपल्यावरही त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाने घर घेतलं तर कमिशन द्यायचं असं कलम असतं, ते रास्तच आहे, नाहीतर लोकपण काही कमी नसतात, एजंटला वगळून परस्पर उरकतात. पण त्या गिऱ्हाइकांची नावं लेखी हवीत आणि त्यालाही शेवटची तारीख हवी.

एजंट नकोच असं मी म्हणत नाही. कागदपत्रांत बोजा, म्हणजे घरावरचं कर्जबिर्ज, कुठे लपलाय, मालकांपैकी कुणाची सही राहिलीये हे आधीच हेरणारा माणूस मिळाला तर त्याची फी खुशाल द्यावी. तेव्हा पुढच्या लेखात टिप्स कमी करा आणि मुदत, दोन्हीकडचं कमिशन, करार मोडायची अट या कलमांचा एखादा नमुनाच छापा, लोक कात्रण काढून सोबत नेतील.

आपला,
एक नियमित वाचक