कॉन्टॅक्टरचे पॉइंट झिजले नाहीत, जळाले आहेत

14 जून 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 150 केव्हीएआर एपीएफसी पॅनेलचे कॉन्टॅक्टर चिकटणे आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

तासगावजवळ माझे बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये तुमच्याकडून एपीएफसी पॅनेल, म्हणजे गरजेप्रमाणे कॅपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) आपोआप सुधारणारे पॅनेल घेतले. त्यात 25 केव्हीएआर (कॅपॅसिटरची क्षमता मोजण्याचे एकक) च्या सहा स्टेप, म्हणजे कॅपॅसिटरचे सहा टप्पे आहेत. एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, दुसऱ्या स्टेपचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॅपॅसिटर चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच, चिकटला. कंट्रोलरवर स्टेप बंद दिसत होती, पण टाँग टेस्टर (तारेभोवती लावून करंट मोजणारे यंत्र) लावला तर दोन तारांत 30 अँपिअर! रात्री कॉम्प्रेसर थांबले तरी कॅपॅसिटर लाइनवरच. चौथ्या दिवशी तो फुगला.

तुमच्या माणसाने येऊन कॉन्टॅक्टरचे पॉइंट (एकमेकांवर टेकून वीज जोडणारे चांदीचे तुकडे) काणशीने घासले आणि रिपोर्टवर लिहिले, "नैसर्गिक झीज, वॉरंटीत बसत नाही." या वाक्याला माझी हरकत आहे. मी स्वतः पंधरा वर्षे मोटर रिवाइंडिंग केले आहे, झिजलेला पॉइंट कसा दिसतो ते मला माहीत आहे. कॉन्टॅक्टरची यांत्रिक झीज लाखो ठोक्यांनंतर येते. कंट्रोलरचा काउंटर या स्टेपवर 9,300 ठोके दाखवतो. पॉइंटवर चांदी वितळून गोळे झाले होते, कडा मात्र कोऱ्या होत्या.

खरे कारण पॅनेलमध्येच आहे. तुम्ही मोटरसाठीचे साधे कॉन्टॅक्टर बसवले आहेत. रिकामा कॅपॅसिटर लाइनवर आला की क्षणभर शॉर्टसारखा वागतो, आणि शेजारचे चालू कॅपॅसिटरही त्याच्यातच रिकामे होतात. 35 अँपिअरच्या स्टेपवर तेवढ्या क्षणात हजारो अँपिअर जाऊ शकतात. त्याच वेळी पॉइंट आपटून उसळतात, ठिणगीत चांदी वितळते आणि पुढच्या टेकण्यात जुळून बसते. म्हणूनच कॅपॅसिटर ड्यूटी कॉन्टॅक्टरला रेझिस्टन्सच्या वळ्या असतात. त्या आधी जोडल्या जाऊन पहिला झटका सोसतात. तुमच्या पॅनेलमध्ये एकाही कॉन्टॅक्टरला त्या नाहीत. शिवाय स्टेप पुन्हा लागण्याची वेळ 15 सेकंद ठेवली होती. एवढ्यात कॅपॅसिटरमधला चार्ज उतरत नाही, मग झटका आणखी मोठा बसतो.

काणस लावणे तर मुळीच योग्य नव्हते. चांदीचा नुसता काळेपणा वीज अडवत नाही. घासल्याने मात्र चांदीचा थर गेला आणि खालचे तांबे दिसू लागले. 2 जूनला तोच कॉन्टॅक्टर पुन्हा चिकटला. आता तिसऱ्या स्टेपचाही चिकटला आहे.

सहाही कॉन्टॅक्टर कॅपॅसिटर ड्यूटीचे विनामूल्य बसवून द्यावेत, फुगलेला कॅपॅसिटर बदलावा, आणि "नैसर्गिक झीज" हा शेरा लेखी मागे घ्यावा. काढलेले पॉइंट मी जपून ठेवले आहेत. तुमच्या इंजिनिअरने येऊन पाहावेत. सोबत फोटो व काउंटरच्या नोंदी जोडल्या आहेत.

दोन स्टेप मी काढून ठेवल्या आहेत. पॉवर फॅक्टर घसरून बिल वाढते आहे आणि आत शेतकऱ्यांचा वर्षभराचा माल आहे. आठ दिवसांत माणूस पाठवावा.

आपला,
कोल्ड स्टोरेज चालक, तासगाव