नाडी, रक्तगट आणि राहून गेलेला रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या हिलडेल आणि कोलोरॅडो सिटी या जुळ्या गावांवरचा लेख वाचला. युटा-अॅरिझोनाच्या सीमेवरची बहुपत्नीत्व पाळणाऱ्या पंथाने वसवलेली वस्ती, आणि जगात अतिदुर्मिळ असलेला फ्युमरेज नावाच्या एन्झाइमच्या कमतरतेचा आजार तिथे अनेक घरांत. लेखाचा सगळा भर मात्र त्या चार-चार बायकांवर. खरी गोम वेगळी आहे. डॉ. थिओडोर टार्बी यांनी 1990 मध्ये तिथल्या मुलात हा आजार ओळखला. वस्तीतले बरेचसे लोक मूळच्या दोन घराण्यांचे वंशज, पंथाबाहेर सोयरीक होत नसे. सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आलं तरच मूल आजारी पडतं. एकाकडूनच आलं तर माणूस ठणठणीत, त्याला पत्ताही नसतो. असे दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका. मुलांना झटके येतात, कित्येकांना चालता-बोलता येत नाही, आणि आजार बरा करणारं औषध नाही. बहुपत्नीत्वामुळे वर्तुळ लवकर आवळलं इतकंच. एकेकच बायको करूनही ते आवळता येतं.

मी इंदूरच्या रामबागेत राहते आणि इथल्या एका मराठी वधूवर सूचक मंडळाच्या फायली सांभाळते. मुळात माणसं थोडी, त्यात पोटजात हवी, शिवाय स्थळ शक्यतो इंदूर-देवास-उज्जैनचंच. चार स्थळं पाहिली की पाचवं मावशीच्या नणंदेकडचं निघतं! सगोत्र नको यावर सगळे ठाम. पण गोत्र बापाकडून येतं, त्यामुळे मामाची मुलगी सगोत्र ठरत नाही आणि आपल्यात अशी लग्नं चालत आली. (माझी माळवी शेजारीण हे ऐकून किंचाळलीच, "सगे मामा की लड़की?") सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं आजी-आजोबांकडून आलेली, तीच ती असतात. गोत्र काहीही असो.

आमच्या फॉर्मवर गोत्र, नाडी, मंगळ आणि रक्तगट असे रकाने आहेत. रक्तगट कशाला? "सारखा असला तर मुलं अधू होतात," असं मला एका इंजिनिअर मुलाच्या वडिलांनी ऐकवलं. तसं काहीही नाही. एकनाडीलाही हल्ली विज्ञानाचा मुलामा देतात, पण नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. रक्तात खरोखर सापडतं ते थॅलेसेमियाचं, म्हणजे असाच आई-वडील दोघांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, वाहकपण, तेवढं कोणी विचारत नाही. हिमोग्लोबिन ए2 चं प्रमाण पाहिलं की बहुतेक वेळा ते कळतं. आपल्याच राज्यातून, शहडोलहून, 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. आदिवासी तरुणांना लग्नाआधी सिकलसेल तपासणीची कार्डं जुळवायला सांगतात. आम्ही शिकलेले कुंडल्या जुळवतोय.

रक्तगटाच्या जागी थॅलेसेमियाची तपासणी घालावी असं मी बैठकीत सुचवलं, तर "मुलींची लग्नं अडतील" म्हणून विषय तहकूब झाला. मुलींचीच का, ते कोणी सांगितलं नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे. जोडीदार वाहक नसेल तर मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आजाराचं गंभीर रूप, होत नाही. दोघे वाहक असले तरी गरोदरपणाच्या 11-12 व्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते.

आपल्या वधू-वर पानाच्या जाहिरात-नमुन्यातही रक्तगटाचा रकाना आहे. तो बदलून पाहा. पेपरात छापून आलेलं दाखवलं की आमच्या बैठकीत मला हा विषय पुन्हा काढता येईल.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर