नांदेडच्या मासळी बाजारातल्या मावशींना

मावशी, सा. न.

सूनबाई वाचून दाखवते म्हणाल्यात, म्हणून लिहायला बसले. प्रबंधात आभाराचं पान आहे, पण तिथं मार्गदर्शक, विभागप्रमुख, ग्रंथपाल असा मानपान सांभाळता सांभाळता तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. ते काही मला पटलं नाही.

माशाच्या कानातला खडा काढू देणं म्हणजे काय, ते बाजारात बसणाऱ्यालाच ठाऊक. फुटलेलं डोकं रश्शाला कोण नेणार? तुम्ही आधीच बजावलं, "वरून सुरी लावायची न्हाई, माल खराब होतोय." मग कल्ला उचलून खालच्या अंगानं कवटीत शिरायचं ठरलं. तुम्ही जबडा फाकवून धरायच्या, मी प्लास्टिकचा चिमटा घालायचे. लोखंडी चिमटा का नको, असं विचारलं होतंत. खड्यात मी शोधते ते धातूचेच कण. चिमट्याचा अंश लागला की मोजमाप बिघडतं.

खडा चुनखडीच्या जातीचाच, पण कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यानं वाढणारा. मासा लहान असताना तर रोज एक थर. बसलेला थर पुन्हा विरघळत नाही, आणि मासा असेल त्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम, बेरियम हे धातू त्यात अडकून राहतात. गाभा जन्माच्या पाण्याचा, कडा जाळ्यात सापडला तिथली. आपली गोदावरी काळ्या पाषाणावरून येते. मांजरा मात्र तेलंगणातल्या जुन्या ग्रॅनाईटवरून फिरून कुंडलवाडीच्या बाजूला तिला मिळते. स्ट्रॉन्शियमचे हलके-जड प्रकार असतात; अशा खडकावरच्या पाण्यात जड ८७ चं हलक्या ८६ शी प्रमाण जास्त असतं. मांजरेत वाढून गोदावरीत शिरलेला मासा त्यावरून ओळखता यावा, असा सगळा डाव.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याची गेटं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी असतात. दोन राज्यांचं भांडण पाण्याचं होतं, पण तेवढे महिने माशालाही वाट मोकळी. खाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणाचा मासा वर चढतो, की आपण खातो तो सारा सोडलेल्या बोटुकलीचाच, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांचाच? रोहू-कटल्याला अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, म्हणून धरणात बोटुकली सोडतात. तसल्या माशाच्या गाभ्यात बीज केंद्राच्या तळ्याचं पाणी सापडायला हवं.

हे सगळं खरं कधी? मासा कुठं धरला ते पक्कं माहीत असेल तेव्हाच. खड्याची कडा त्या ठिकाणच्या पाण्याशी ताडून बघायची असते. ठिकाणच चुकीचं सांगितलं, तर महागडं यंत्र असून उपयोग शून्य. बाजारात कुणीही "नदीचाच हाय" म्हणून मोकळं होतं. तुम्ही एकदा मी उचललेला रोहू हातातून काढून घेतलात, कल्ला उघडून वास घेतला आणि म्हणालात, "ह्यो बर्फातला हाय, आंध्राचा. वहीत लिहू नकोस." दुसरा पुढं सरकवलात: "ह्यो इष्णुपुरीच्या खालचा, आमच्या दिरानं धरलाय." माझ्या वहीतला ठिकाणाचा रकाना असा तुमच्या शब्दावर भरलाय, आणि कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा आहे.

खडे आता राळेत बसवून, घासून तयार आहेत. थराथरातला धातू मोजणाऱ्या लेझरच्या यंत्रासाठी नंबर लावलाय. असं यंत्र मोजक्याच ठिकाणी, त्यामुळं वाट बघणं आलं.

जुलैत गेटं उघडल्यावर धर्माबादकडचा शिंगाडा मासा आला, तर डोकी बाजूला ठेवा. आणि या खेपेला पैसे घ्यावे लागतील, नाहीतर मी डोकी नेणार नाही.

तुमची,
खडेवाली